ब्रोरा आणि क्लाइनलीश: सदरलंडमधील एका आसवनीची दोनशे वर्षे

दूरदेशी

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, इन्व्हर्नेसच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटर अंतरावर, ब्रोरा नावाचे एक लहान गाव आहे. या गावात व्हिस्कीच्या दोन आसवन्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांची नावे ऐकून नवख्याचा हमखास गोंधळ होतो, कारण आज जिला ब्रोरा म्हणतात तीच मूळची क्लाइनलीश आहे आणि आज जिला क्लाइनलीश म्हणतात ती १९६७-६८ च्या सुमारास शेजारी बांधलेली नवी इमारत आहे. आपल्याकडे सिंगल माल्टविषयी (एकाच आसवनीत, मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीविषयी) लिहिताना चवीचे वर्णन भरपूर येते, परंतु ती व्हिस्की ज्या जमिनीवर तयार झाली त्या जमिनीचा इतिहास फारसा येत नाही. ब्रोराच्या बाबतीत तो वगळला, तर अर्धी गोष्ट हातातून निसटते असे मला वाटते आणि म्हणून हा धागा काढला आहे.

मूळ आसवनी १८१९ साली उभी राहिली. ती उभारणारा मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड हा इंग्लंडमधील कालवे आणि कोळशाच्या उत्पन्नावर गब्बर झालेल्या घराण्यातला. सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ हिच्याशी विवाह झाल्यामुळे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील एक प्रचंड जहागीर त्याच्या हाती आली. (मृत्यूच्या काही महिने आधी, १८३३ साली, त्याला ड्यूक ऑफ सदरलंड ही पदवी मिळाली.) जहागिरीच्या आतल्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी गेलिक भाषक कुळे थोडी शेती, थोडी गुरे आणि घरच्या बार्लीतून गाळलेली चोरटी व्हिस्की यांवर गुजराण करीत होती. त्या जमिनी शेव्हिएट मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी भाडेपट्ट्याने दिल्या तर खंड कितीतरी पटींनी वाढतो, हे लक्षात आल्यावर कारभाऱ्यांनी ती खोरी टप्प्याटप्प्याने रिकामी करून घेतली. हजारो माणसे किनाऱ्यावर आणली गेली आणि त्यांना जमिनीचे लहान लहान तुकडे देण्यात आले. पूर्ण कुटुंबाचे पोट त्या तुकड्यावर भरू नये, म्हणजे माणूस मासेमारीकडे, खाणीकडे किंवा मजुरीकडे वळेल, असाच त्यामागचा हिशेब होता.

आसवनी या योजनेचाच एक भाग होती. किनाऱ्यावर वसवलेल्या कुळांनी बार्ली पिकवायची, ती आसवनीने विकत घ्यायची, त्या पैशातून कुळांनी जहागिरीचा खंड भरायचा आणि चोरटे गाळप आपोआप बंद पडायचे, असे ते चक्र होते. इंधनासाठी ब्रोराची कोळशाची खाण होती. तिथला कोळसा सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून काढला जात होता आणि जहागिरीने ती खाण, मिठागरे व वीटभट्टी यांच्यासह नव्याने उभी केली. आसवनी जेम्स हार्पर नावाच्या इसमाला भाडेपट्ट्याने देण्यात आली. हायलँड्समधील, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील, इतर बहुतेक नामांकित आसवन्या १८२३ च्या अबकारी कायद्यानंतर, म्हणजे परवाना स्वस्त आणि कर हलका झाल्यावर, कायद्याच्या चौकटीत आल्या. क्लाइनलीश त्याच्या चार वर्षे आधीची आहे, कारण तिच्या मागे चोरटा गाळपी नव्हता, खुद्द जमीनदार होता.

पुढची मालकी थोडक्यात सांगतो. १८४६ साली ती जॉर्ज लॉसन याच्याकडे गेली आणि त्याने तिचा विस्तार केला. १८८० च्या दशकात आसवन्यांची सफर करून त्यांची वर्णने लिहिणारा आल्फ्रेड बार्नार्ड इथे आला, तेव्हा या व्हिस्कीला बाजारात सर्वांत चढा भाव मिळतो आणि मागणी इतकी आहे की घाऊक व्यापाऱ्यांना नकार द्यावा लागतो, अशी नोंद त्याने केली. १८९६ साली लीथच्या एन्सली कंपनीने ती विकत घेऊन बरीचशी नव्याने बांधली. १९१२ पासून डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड, म्हणजे डीसीएल, हिचा तिच्यात शिरकाव झाला आणि १९२५ साली जॉनी वॉकर डीसीएलमध्ये विलीन झाल्यावर ती पूर्णपणे त्या समूहाची झाली.

कागदाची घडी

लेख आवडला, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. सदरलंडच्या जहागिरीकडे केवळ खलनायक म्हणून पाहण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यामुळे काही गोष्टी झाकल्या जातात. मार्क्विसने आपल्या इंग्लंडमधील उत्पन्नातून इथे रस्ते, पूल आणि बंदरे बांधली. हेल्म्सडेलसारखे हेरिंगच्या मासेमारीचे बंदर त्यातूनच उभे राहिले. आतल्या खोऱ्यांत वरचेवर पीक बुडत असे आणि मग जहागिरीलाच धान्य आणून वाटावे लागे. जेम्स लॉक हा जहागिरीचा मुख्य सल्लागार, आणि त्याने १८२० साली या साऱ्या सुधारणांचे समर्थन छापून प्रसिद्ध केले. चोरट्या गाळपामुळे लोकांना फसवणुकीची आणि आळसाची सवय लागली आहे, असे त्याचे प्रामाणिक मत होते. त्याच्या दृष्टीने आसवनी ही शेतमालाला बाजारपेठ मिळवून देणारी सोय होती. आजच्या मापाने दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना मोजणे योग्य आहे का?

दूरदेशी

आपला मुद्दा रास्त आहे आणि रस्ते, बंदरे व धान्यवाटप या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझा आक्षेप घटनांचा क्रम विसरण्याला आहे. लोकांनी नवी बाजारपेठ पाहून स्वतःहून डोंगर सोडला नाही. आधी घरे मोडली गेली आणि नंतर त्यांच्यासाठी किनाऱ्यावर योजना आखली गेली. १८१३ साली किल्डोनन खोऱ्यातील कुळांनी मोजणीदारांना हुसकावून लावले, तेव्हा तिथे लष्कर पाठवावे लागले. त्यांतील काही जण लॉर्ड सेलकर्कच्या वसाहतीकडे, कॅनडातील रेड नदीच्या काठी निघून गेले आणि विनिपेग शहरातील किल्डोनन हा भाग त्यांचेच नाव आजही धारण करतो. १८१४ साली जहागिरीच्याच स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात पॅट्रिक सेलर याच्या देखरेखीखाली घरे रिकामी करून घेताना छपरांची लाकडे जाळण्यात आली. लाकूड दुर्मिळ असलेल्या त्या मुलखात छपराचे वासे हीच कुळाची खरी मालमत्ता होती आणि ते जाळले की माणूस परत येऊन घर उभारू शकत नसे. सेलर हा जहागिरीचा कारभारीही होता आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवरील मेंढ्यांच्या कुरणाचा भाडेकरूही होता. १८१६ साली इन्व्हर्नेसला त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा आणि आगी लावल्याचा खटला चालला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले, तरी ज्यूरीत जमीनदार वर्गाचा भरणा होता, याची आठवण हायलँड्समध्ये अजून काढली जाते.

त्या काळच्या मापाचे म्हणाल, तर त्या काळातही हे मान्य नसलेले लोक होते. डोनल्ड मॅक्लाउड नावाच्या गवंड्याने स्ट्रॅथनेव्हरमध्ये स्वतः पाहिलेले वृत्तपत्रांतून लिहिले. १८५३ साली कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात सदरलंडवर लेख लिहिला, तोही याच प्रकरणामुळे.

याला भारताचाही एक धागा जोडलेला आहे. काउंटेसच्या जहागिरीतून १७९९ साली ९३ वी हायलँडर्स ही पलटण उभी करण्यात आली. कुळांच्या घरांतून एकेक मुलगा सैन्यात घेतला गेला आणि त्या बदल्यात आपली जमीन सुरक्षित राहील अशी त्या घरांची समजूत होती. पुढच्या वीस वर्षांत त्याच घरांपैकी अनेकांची जमीन गेली. १८५७ साली लखनौच्या सिकंदरबागेवर जो हल्ला झाला, त्यात हीच पलटण आघाडीला होती. म्हणून बाटलीवरचे १८१९ हे साल वाचताना मला आसवनीच्या कोनशिलेबरोबर त्याच वर्षी स्ट्रॅथनेव्हरमध्ये झालेली दुसरी मोठी हकालपट्टीही आठवते. दोन्ही गोष्टी एकाच जहागिरीच्या वह्यांत, एकाच वर्षाच्या हिशेबात नोंदलेल्या आहेत.

कागदाची घडी

ज्यूरीची रचना आणि सेलरचा दुहेरी हितसंबंध हे मुद्दे मला मान्य आहेत. बंदराच्या बाबतीत मी माझ्या मतावर कायम आहे.

तांबट

इतिहासाच्या चर्चेत मी व्यवसायाने रसायनशास्त्राचा माणूस असल्यामुळे थोडी तांत्रिक भर घालतो, कारण या आसवनीचे वैशिष्ट्यही अनेक वर्षांत साचत गेलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

क्लाइनलीशच्या व्हिस्कीत मेणासारखा एक गुण असतो. घोट घेतल्यावर विझलेल्या मेणबत्तीचा वास आणि जिभेवर हलकासा स्निग्ध थर जाणवतो. हा गुण पिंपातून येत नाही, तो मुळातच ताज्या मद्यार्कात असतो. दुसऱ्या उकळीच्या वेळी भट्टीतून (मद्य उकळून वाफ काढण्याच्या तांब्याच्या पात्रातून) येणाऱ्या धारेचे तीन भाग केले जातात. मधला भाग पिंपात भरतात, तर सुरुवातीचा व शेवटचा भाग पहिल्या उकळीच्या मद्यार्काबरोबर एका टाकीत साठवून पुन्हा भट्टीत घालतात. या टाकीच्या तळाशी आणि नळ्यांत तेलकट, मेणचट गाळ साचत राहतो. इतर आसवन्यांत दुरुस्तीच्या हंगामात तो खरवडून काढला जातो. क्लाइनलीशमध्ये तो राखला जातो. एकदा टाक्या आणि नळ्या बदलताना तो साफ झाला आणि नव्या मद्यार्कातून मेणाचा गुण नाहीसा झाला, तेव्हा कुठे त्याचे मूळ कारण लक्षात आले, अशी हकीकत या व्यवसायात सर्वश्रुत आहे. तेव्हापासून टाकी धुण्याआधी हा गाळ काढून ठेवतात आणि धुऊन झाल्यावर परत आत सोडतात.

दुसरा मुद्दा वाफ थंड करण्याच्या पद्धतीचा आहे. जुन्या आसवनीत, म्हणजे आजच्या ब्रोरात, वाफ लाकडी हौदातील थंड पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळीतून जाते. नव्या क्लाइनलीशमध्ये अनेक बारीक नळ्यांचे आधुनिक कंडेन्सर आहेत. वेटोळ्या नळीत वाफेचा तांब्याशी संपर्क तुलनेने कमी येतो, त्यामुळे गंधकयुक्त संयुगे कमी प्रमाणात निघून जातात आणि मद्यार्क जड, मांसल होतो. नव्या आसवनीच्या सहाही भट्ट्यांचा आकार जुन्या दोन भट्ट्यांवरूनच घेतलेला आहे, तरी दोन्हींचा मद्यार्क एकसारखा निघत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

समुद्रकाठ

लेखात १९२५ नंतर एकदम उडी मारली आहे. नवी इमारत झाल्यावर जुनी बंद का केली नाही? आणि ब्रोरा म्हटले की लोक पीटच्या (माल्ट वाळवताना जाळल्या जाणाऱ्या दलदलीतील मातीसारख्या इंधनाच्या) धुराबद्दल बोलतात, तर हायलँड्सच्या आसवनीत इतका धूर कुठून आला? तो तर आयला बेटावरच्या व्हिस्कीचा गुण ना?

दूरदेशी

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. मिश्र व्हिस्कीची, म्हणजे अनेक आसवन्यांची व्हिस्की एकत्र करून केलेल्या व्हिस्कीची, मागणी १९६० च्या दशकात झपाट्याने वाढत होती, म्हणून डीसीएलने शेजारी मोठी आसवनी बांधली आणि १९६८ साली जुनी बंद केली. मात्र लगेच १९६९ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. जॉनी वॉकरसारख्या मिश्रणांना आयलाच्या धुरकट माल्टची गरज असते आणि त्या काळात आयलावर पाण्याची टंचाई पडली होती, असे कारण सांगितले जाते. पुढे १९७२ ते १९७४ या काळात समूहाची आयलावरील मोठी आसवनी, कौल इला, पाडून नव्याने बांधली जात होती, त्यामुळे तिकडचा पुरवठाही थांबला. ही तूट भरून काढण्यासाठी ब्रोरा गावात तीव्र पीटचा माल्ट वापरून व्हिस्की गाळण्यात आली. त्यातही १९६९ ते १९७३ या काळातील गाळप सर्वांत धुरकट मानले जाते. पुढे धुराचे प्रमाण बरेच कमी करण्यात आले.

दोन आसवन्यांना एकच नाव ठेवणे शक्य नव्हते, म्हणून जुनीला काही काळ ‘क्लाइनलीश बी’ म्हणत आणि नंतर गावाचेच नाव देऊन ब्रोरा करण्यात आले. म्हणजे आज जाणकार ज्या व्हिस्कीसाठी एवढे पैसे मोजतात, ती दुसऱ्याच बेटावरच्या व्हिस्कीची उणीव भरून काढण्यासाठी केलेली होती. ती स्वतंत्रपणे बाटलीत भरावी असा विचारही त्या काळी कोणाच्या मनात नव्हता.

जुने पिंप

१९८३ साली ब्रोरा बंद पडली, त्याविषयी लिहितो. १९७० च्या दशकात कंपन्यांनी मागणी वाढतच राहणार असे धरून गाळप केले. नंतर तेलाचे भाव भडकले, मंदी आली, व्याजदर वाढले आणि तरुण ग्राहक व्होडकाकडे व पांढऱ्या रमकडे वळला. व्हिस्की आज गाळली तर आठ-दहा वर्षांनी विकायची असते, त्यामुळे अंदाज चुकला की गोदामे भरून वाहतात. डीसीएलने १९८३ साली एकाच फटक्यात ११ माल्ट आसवन्या बंद केल्या. आयलावरची पोर्ट एलन, लिनलिथगोची सेंट मॅग्डालीन, इन्व्हर्नेसच्या ग्लेन अल्बिन आणि ग्लेन मोर, फोर्ट विल्यमची ग्लेनलॉची, ब्रेकिनची नॉर्थ पोर्ट, तसेच बॅन्फ, डॅलस धू, बेनरोमाख, नॉकधू आणि ब्रोरा. यांतील नॉकधू आणि बेनरोमाख दुसऱ्या कंपन्यांनी विकत घेऊन पुन्हा सुरू केल्या. डॅलस धू वारसावास्तू म्हणून जतन झाली. ग्लेन अल्बिन आणि ग्लेन मोर पाडून तिथे दुकाने उभी राहिली.

या यादीकडे पाहताना मला सर्वांत जास्त खटकते ती निवडीची कसोटी. कुठली व्हिस्की उत्तम, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेलाच नाही. आसवनी लहान असली, यंत्रसामग्री जुनी असली आणि शेजारी तेच काम करणारी मोठी आसवनी असली की ती यादीत जात असे. ब्रोराला तीनही निकष लागू होते. तिच्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत आणि दोन्ही तांब्याच्या भट्ट्या जागेवरच राहिल्या, याचे एक कारण असे की शेजारच्या क्लाइनलीशला तिची गोदामे उपयोगाची होती. १९९० च्या दशकात रेअर माल्ट्स मालिकेतून तिच्या १९७२ च्या गाळपाच्या बाटल्या आल्या आणि २००२ पासून कंपनीने तीस वर्षे मुरलेली ब्रोरा विक्रीस काढली. तोपर्यंत लोकांना आपण काय बंद केले याची जाणीव झाली होती.

समुद्रकाठ

आणि आता तर ती पुन्हा सुरू झाली आहे. पण इतकी वर्षे बंद असलेली आसवनी नव्याने बांधली, तर तिला तीच ब्रोरा म्हणावे का?

तांबट

डियाजिओने (डीसीएल १९८६ साली गिनेसने घेतली आणि १९९७ च्या विलीनीकरणातून डियाजिओ झाली) २०१७ साली ब्रोरा आणि पोर्ट एलन या दोन्हींसाठी मिळून साडेतीन कोटी पौंडांची योजना जाहीर केली. ब्रोराच्या दोन्ही जुन्या भट्ट्या अलोआ येथील तांबटांच्या कारखान्यात नेऊन दुरुस्त करण्यात आल्या आणि परत आणून बसवण्यात आल्या. भट्टीघराची इमारत धोकादायक झाली होती, म्हणून ती उतरवून त्याच दगडांनी पुन्हा रचण्यात आली. वेटोळ्या नळीचे लाकडी हौद आणि दळलेला माल्ट गरम पाण्यात दाताळ्यांनी ढवळण्याचे जुन्या पद्धतीचे पात्र हेही नव्याने घडवले. मे २०२१ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, तिथे पुन्हा मद्यार्काची धार सुरू झाली. सुरुवातीला आसवनीची जबाबदारी स्टुअर्ट बोमन यांच्याकडे होती. ते याच गावचे आहेत आणि त्यांचे वडील जुन्या ब्रोरातील शेवटचे अबकारी अधिकारी होते.

माझे मत असे की भट्टी तीच, आकार तोच, थंड करण्याची पद्धत तीच, तर मद्यार्काचा सांगाडा तोच येईल. परंतु यीस्ट, बार्लीचे वाण आणि पिंपे यांत चाळीस वर्षांत झालेला बदल मागे फिरवता येत नाही. १९७० च्या दशकातली बार्ली आज व्यापारी प्रमाणावर पेरली जात नाही. मेणाचा गाळ तर नव्या टाक्यांत शून्यापासून साचवावा लागतो. कायद्याने ओकच्या पिंपात तीन वर्षे मुरल्याशिवाय मद्यार्काला स्कॉच म्हणता येत नाही, ती अट २०२४ मध्ये पूर्ण झाली. मात्र ज्या ब्रोराचे नाव झाले ती वीस ते चाळीस वर्षे मुरलेली होती, त्यामुळे खरी तुलना करायला अजून बराच काळ जावा लागेल.

जुने पिंप

तांबट यांच्या मताशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. जुन्या ब्रोराची पिंपे मिश्रणासाठी, म्हणजे स्वस्तात भरलेली होती. बहुतेक पिंपे आधी एक-दोनदा व्हिस्कीसाठी वापरून झालेली असत, त्यामुळे ओकचा रंग आणि व्हॅनिला मद्यार्कावर स्वार झाले नाहीत आणि मेण व धूर टिकून राहिले. नवी ब्रोरा पहिल्या दिवसापासून महागड्या बाटलीसाठी गाळली जात आहे. तिला उंची, नवी पिंपे देण्याचा मोह मालकांनी आवरला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

समुद्रकाठ

येत्या उन्हाळ्यात एडिनबरोहून उत्तरेकडे जाण्याचा बेत आहे. आसवनीबरोबर आणखी काय पाहावे?

दूरदेशी

क्लाइनलीशची भेट सहज ठरवता येते. ब्रोराच्या भेटी मोजक्या आणि बऱ्याच महाग असतात, त्यामुळे आगाऊ नोंदणी करावी. इन्व्हर्नेसहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे ब्रोराला थांबते, पण खोऱ्यांत शिरायचे असेल तर स्वतःची गाडी हवी. ब्रोराच्या अलीकडे गोल्स्पीजवळ डनरॉबिन हा सदरलंड घराण्याचा किल्ला आहे आणि त्याच्यामागे बेन व्रागी या टेकडीवर पहिल्या ड्यूकचा, चौथऱ्यासह सुमारे १०० फूट उंच असा पुतळा आहे. तो हटवावा की इतिहासाची साक्ष म्हणून राहू द्यावा, यावर तिथे अनेक वर्षे वाद चालू आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे स्थानिकांकडून जरूर ऐका. ब्रोराच्या पुढे हेल्म्सडेलला देशांतर करणाऱ्या कुटुंबाचे शिल्प आहे आणि तिथूनच किल्डोनन खोऱ्याचा रस्ता आत वळतो. हातात आणखी एक दिवस असेल तर त्या रस्त्याने उत्तर किनाऱ्यावर जा. बेटीहिल गावी एका जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचे संग्रहालय आहे. त्या गावाचे नावही काउंटेस एलिझाबेथवरून पडलेले आहे. परतताना स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील रोसल या उठवलेल्या वस्तीचे अवशेष पायवाटेने फिरून पाहता येतात. तिथे माहितीफलक आहेत आणि घरांचे पाये अजून ओळखू येतात. गाडी चालवणार असाल तर आसवनीतील चव घेण्याचा कार्यक्रम मुक्कामाच्या दिवशीच ठेवा, कारण स्कॉटलंडमध्ये चालकासाठी मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे. अनेक आसवन्या चालकाच्या वाट्याचे नमुने लहान बाटल्यांत भरून बरोबर देतात, त्याची चौकशी नोंदणी करतानाच करून ठेवा.